भट्टीवाल्या मामांना, वीट खाल्ल्याबद्दल

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून नुसतंच मामा. दोन आठवड्यांपूर्वी दिवेलागणीला कापडी पिशवीत वीट घेऊन तुमच्या बेकरीच्या मागच्या दाराशी उभी राहिलेली बाई आठवते का? ती मी.

वीटच होती ती. भिशीचे साडेआठ हजार घालून ब्रेड मशीन घेतलं आणि त्यातून तिसऱ्यांदा दगड निघाला होता. आमच्याकडे रविवारी मिसळ ठरलेली. कोल्हापुरात मिसळीला स्लाइस ब्रेड लागतो, पाव खाणारे पुण्या-मुंबईचे. कट माझ्या हातचा, तर ब्रेड पण माझ्या हातचा हवा, एवढाच माझा हट्ट. पहिल्या ब्रेडचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, तर धाकट्या दिरांनी लिहिलं, "रंकाळ्यावरच्या संध्यामठाला एक चिरा कमी पडतोय, वहिनी तेवढा द्या पाठवून." सगळे हसले. मीपण हसले, काय करणार! दुसऱ्याचा फोटो टाकला नाही.

कंपनीच्या हेल्पलाइनवर तीनदा फोन केला. "मशीन फिरतंय का? गरम होतंय का? मग मशीन ओके आहे मॅडम." तक्रारीला लांबलचक नंबर मात्र मिळाला. डेमो दाखवणारा माणूस उद्या येणार होता, तो अजून उद्याच येतोय. आणि ज्या दुकानातून घेतलं तिथला पोरगा म्हणाला, "काकू, तयार ब्रेड मिळतोय की कोपऱ्यावर." विकताना हे सुचलं नव्हतं त्याला.

म्हणून तुमच्याकडे येतानाच मी मनाची तयारी करून आले होते. चारचौघांत हसतील, हसू देत. तुम्ही कोपरापर्यंत पिठात होता. हात पुसलेत, माझी वीट दोन्ही हातांनी घेतलीत, अंगठ्याने दाबून बघितलीत, वास घेतलात. मोठी सुरी लावून जाड काप काढलात. मला वाटलं, आता पोरांना बोलावून दाखवणार. तुम्ही तो काप चहात बुडवला आणि खाल्लात. सगळा. घाई न करता, शेवटच्या कडेसकट. मग म्हणालात, "चव हाय की वैनी. पानी कमी पडलंय नुस्तं."

मामा, तीन आठवड्यांत माझा ब्रेड खाणारे तुम्ही पहिले. घरच्यांनी बोटाने टकटक वाजवून बघितला होता, खाल्ला कुणी नव्हता. परत जाताना स्कूटर चालवताना मला रडू आलं, आता सांगायला काही लाज नाही.

चूक तशी साधीच निघाली. पुस्तिकेतलं माप नुसत्या मैद्याचं, 400 ग्रॅमला 240 मिली पाणी. मी पौष्टिक म्हणून अर्धं चक्कीचं गव्हाचं पीठ घालत होते, ते कोंड्यासकट पाणी पिऊन बसायचं आणि गोळा फुगायचाच नाही. शिवाय माझं यीस्ट कधी फोडलेलं, देव जाणे. तुम्ही कागदाच्या पुडीत चमचाभर यीस्ट बांधून दिलंत आणि पैसे काढले तर रागावलात.

दुसऱ्या दिवशी पिशवीवरच्या नंबरावर फोन केला, तेव्हा तुमची गडबडीची वेळ होती हे मागाहून कळलं. तुम्ही म्हणालात, फोन मशीनपाशी धरा. मी धरला. "कन्हतंय बघा. झाकण उघडा, चमचाभर पानी घाला." मी म्हटलं, झाकण उघडायचं नाही असं लिहिलंय. "मळताना उघडायला काय हुतंय? फुगताना नगा उघडू." असे दोन चमचे झाले. मग तुम्ही बोट लावायला सांगितलंत, जरासं चिकटून सुटलं पाहिजे. सुटलं. तिकडून तुम्ही "हां" म्हणालात आणि फोन ठेवलात.

परवा मुलीने एक गोष्ट वाचून दाखवली. 1980च्या दशकात जपानात मात्सुशिता कंपनी घरगुती ब्रेड मशीन बनवत होती, तेव्हा त्यांचाही ब्रेड बाहेरून करपायचा आणि आतून कच्चा राहायचा. शेवटी इकुको तनाका नावाच्या त्यांच्याच कंपनीतल्या बाईंनी ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य ब्रेडवाल्याकडे जाऊन पीठ ओढून-पिळून मळायची त्याची पद्धत शिकून घेतली आणि ती मशीनमध्ये उतरवली. म्हणजे कंपनीलासुद्धा शेवटी भट्टीपाशीच जावं लागलं! हे ऐकल्यापासून मला माझ्या तीन विटांचं तितकंसं वाईट वाटत नाही.

चुकलेल्या माणसाला पहिला प्रश्न "असं कसं केलंत?" हाच विचारायची आपल्याकडे रीत आहे. तुम्ही "किती पानी घातलतं?" एवढंच विचारलंत, आणि तेही तोंडातला घास संपल्यावर.

रविवारी ब्रेड झाला. वरून थोडा वाकडा, पण फुगलेला, कापताना सुरीला लागून दबणारा. कटात बुडवला तर विरघळला नाही. दिरांनी चार स्लाइस खाल्ल्या आणि चिऱ्याचा विषय काढला नाही, मीच काढला.

येत्या रविवारी तुमच्यासाठी एक आख्खा घेऊन येते. तळाला मशीनच्या पात्याचं भोक असतं, ते तेवढं चालवून घ्या. चहा तुमच्याकडचा.

तुमची,
वीटवाली वहिनी