बदली बॅटरी नियमाबाहेर का?

महोदय,

मार्च २०२२ मध्ये वेल्लोरला चार्जिंगला लावलेली ई-स्कूटर पेटली आणि धुरात गुदमरून बापलेकीचा जीव गेला. त्याच सुमारास पुण्यातही एक उभी स्कूटर जळाली. मग केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने विजेवर चालणाऱ्या दुचाकी-तिचाकींच्या बॅटरी सुरक्षेचे एआयएस-१५६ हे मानक कडक केले आणि डिसेंबर २०२२ पासून दोन टप्प्यांत लागू केले. बॅटरीच्या पॅकमध्ये, म्हणजे अनेक सेल जोडून केलेल्या संचात, उष्णता धोक्याच्या पातळीला जाऊ लागली की चालकाला इशारा मिळाला पाहिजे, सेलवर निर्मितीचा महिना-वर्ष दिसले पाहिजे, आत पाणी शिरता कामा नये. कंपन्यांना पॅकची रचनाच बदलावी लागली. सरकारचा दट्ट्या नसता तर हे झाले नसते.

पण ही परीक्षा नव्या मॉडेलची. वॉरंटी संपल्यावर बॅटरी निकामी झाली, की पुढे काय? गाडीसोबत आलेल्या बॅटरीवर गाडीचाच ५ टक्के जीएसटी लागतो. तीच बॅटरी सुटी घ्यायला गेलो तर १८ टक्के. सुरक्षित पॅक असा सरकारनेच महाग करून ठेवल्यावर, कुणी मिस्त्री स्वस्तात सेल बदलून देतो म्हणाला तर रोजच्या कमाईवर घर चालवणारा ई-रिक्षावाला दुसरीकडे कशाला जाईल? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र असा जोडलेला पॅक नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत दिवसभर धावून रात्री घराच्या जिन्याखाली चार्जिंगला लागतो. वर माणसे झोपलेली असतात. मला याची खरोखर भीती वाटते.

जुन्या बॅटरीचेही तसेच. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. पण ती कुठे द्यायची, हे किती ग्राहकांना माहीत आहे? प्रत्येक विक्रेत्याच्या दुकानात तसा फलक मराठीत लागायला हवा.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी आपल्याच शहराचे खासदार आहेत. त्यांना विनंती, की प्रमाणित बदली पॅकवरचा कर ५ टक्क्यांवर यावा म्हणून त्यांनी जीएसटी परिषदेकडे आग्रह धरावा. शिवाय सुट्या विकल्या जाणाऱ्या आणि दुरुस्त केलेल्या पॅकनाही सुरक्षा चाचणी सक्तीची करावी, आणि ई-रिक्षाच्या फिटनेस तपासणीत ब्रेक-दिव्यांबरोबर बॅटरीचे प्रमाणपत्रही पाहिले जावे. हे येत्या उन्हाळ्याआधी व्हावे.

– एक वाचक, महाल, नागपूर