फुलाभोवती जमलेली माणसे

महोदय,

समाजमाध्यमांवर नुसती भांडणे चालतात, अशा अर्थाची पत्रे आपल्या सदरात वरचेवर वाचतो. ती लिहिणाऱ्यांचा अनुभव खोटा नाही. पण सगळी माध्यमे एकाच माळेचे मणी नव्हेत, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

मी एसटीचा निवृत्त वाहक. सातारा-बामणोली फेरीवर बरीच वर्षे होतो. भाद्रपदात गाडी कासच्या पठारावरून जायची, तेव्हा बाजारहाट करून परतणाऱ्या बाया खिडकीतून बोट दाखवून फुलांची नावे सांगायच्या. तेरडा, सीतेची आसवे, टोपली कारवी. ती गोडी तेव्हापासूनची. निवृत्तीनंतर मुलीने मोबाइलवर दोन ॲप घालून दिली.

पहिले लहान मजकूर टाकण्याचे. आपण लिहायचे, आपल्याला फॉलो करणाऱ्यांनी वाचायचे. मला फॉलो करणारे अकरा जण, त्यांतले सहा नातेवाईक. पर्यटक फुलांच्या ताटव्यात बसून फोटो काढतात, त्यात रोपे चिरडतात, असे मी एकदा लिहिले. कुणीतरी ते पुढे पाठवले आणि संध्याकाळपर्यंत अनोळखी माणसे मला माझा पक्ष विचारू लागली. कोणते फूल चिरडले, हे एकानेही विचारले नाही. रात्री झोप लागली नाही. दोन दिवसांनी मात्र त्या मजकुराचे कुणाला नावही आठवत नव्हते.

दुसरे ॲप आयनॅचरलिस्ट. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात २००८ साली काही विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर अभ्यासाचा प्रकल्प म्हणून ते सुरू केले. झाड, पाखरू, किडा, जे दिसेल त्याचा फोटो तारीख आणि ठिकाणासह टाकायचा. मग जाणकार आणि हौशी मंडळी ते काय आहे हे सांगतात. दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे एका नावावर जमले, की ती नोंद अभ्यासकांनी वापरावी अशी मानली जाते.

ऑगस्टअखेर रस्त्याच्या कडेला मला पांढऱ्या फुलांची एक आमरी, म्हणजे ऑर्किड, दिसली. फोटो टाकला. दोघांनी दोन वेगळी नावे दिली. तिसऱ्याने लिहिले, ‘काका, फुलाच्या मागे खाली लोंबणारी बारीक नळी असते, तिची लांबी दिसल्याशिवाय सांगता येणार नाही. बाजूने फोटो मिळेल का?’ पंधरा दिवसांनी गेलो तर फुले सुकलेली. तसे कळवले. ‘पुढच्या वर्षी बघू,’ असे उत्तर आले.

पुढच्या वर्षी मी त्याच जागी गुडघ्यावर बसून बाजूने फोटो काढला आणि जुन्या नोंदीखाली नव्याचा दुवा दिला. तिघेही परत आले! वाद झाला, चांगला चार दिवस चालला, पण तो नळीच्या लांबीवर. पहिल्याने आपले मत मागे घेतले आणि तसे लिहिले. वर्षभर एक प्रश्न कुणीतरी माझ्यासाठी जपून ठेवला होता, याचा आनंद मला शब्दांत सांगता येत नाही.

या गमतीचे कारण मला साधे वाटते. इथे माणसे फुलाभोवती जमतात, फोटो टाकणाऱ्याभोवती नाही. म्हणून माझ्यासारख्या दहावी झालेल्याची शंकाही तेवढ्याच गांभीर्याने घेतली जाते. चुकलो तर कुणी फजिती करत नाही, कारण चुकीतूनच नोंद पुढे सरकते. २००६ साली आलेल्या ट्विटरवर (आताचे एक्स) आधी मजकुराला १४० अक्षरांची मर्यादा होती, २०१७ मध्ये बहुतेक भाषांसाठी ती २८० झाली. पण जागा वाढवून काय होणार? विषयाला घर नसेल तर प्रत्येक वाक्य वाटेवरच राहते. ऑर्कुट या जुन्या माध्यमावर माझ्या मुलीने एका विषयापायी जोडलेल्या मैत्रिणी, ते २०१४ साली बंद पडल्यावरही टिकल्या आहेत.

घाटात दरड कोसळल्याची बातमी लहान मजकुरांच्या माध्यमावर लवकर कळते, हे मी मानतो. त्या कामाला ते हवेच.

आणखी एक गोष्ट मला फार भावली. धोक्यात असलेल्या वनस्पतींची नेमकी जागा आयनॅचरलिस्टवर सगळ्यांना दिसत नाही, नकाशावर खूण मुद्दाम विस्तृत परिसरात कुठेतरी दाखवली जाते. दुर्मीळ कंदीलपुष्पाचा फोटो लोकांना दाखवावा आणि त्याचा कंदही जमिनीत सुरक्षित राहावा, हे दोन्ही त्यामुळे साधते.

जावळी आणि सातारा तालुक्यांतल्या वाचकांना एक विनंती. वनस्पतींची मराठी नावे आयनॅचरलिस्टवर जोडता येतात आणि अजून कितीतरी जागा रिकाम्या आहेत. घरातल्या आजीला विचारून, गावाकडे म्हणतात ते नाव घालावे. एसटीच्या खिडकीतून ऐकलेली सात नावे मी घातली आहेत. त्या बायांची गावे मला ठाऊक आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच जणी आता नाहीत.

– एक निवृत्त एसटी वाहक, सातारा