कच्ची कालवं (ऑयस्टर) ‘निर्धोक’ म्हणून वाढल्याबद्दल तक्रार

प्रति,
मालक, केजन-क्रिओल ऑयस्टर रेस्टॉरंट,
ह्यूस्टन, टेक्सस

विषय : मधुमेह आणि यकृताचा आजार असलेल्या ग्राहकाला तुमच्या वेटरने दिलेला चुकीचा सल्ला

महोदय,
स. न. वि. वि.

याच तक्रारीचा इंग्रजी ईमेल तुमच्या ग्राहकसेवेला पाठवला होता. उत्तरादाखल पुढच्या जेवणावर सवलतीचं कूपन आलं. माझ्या प्रश्नांना त्यात उत्तर नव्हतं. तुम्ही मराठी आहात असं इथल्या मराठी मंडळातल्या लोकांकडून कळलं, म्हणून आता थेट तुम्हालाच लिहिते आहे. कूपन मला नको.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी मालवणहून आलेल्या आई-बाबांना घेऊन तुमच्याकडे आले होते. आईला कालवं जिवापाड आवडतात. मी गाडी लावून येईपर्यंत दोघं टेबलावर बसली होती. बाबांनी वेटरला स्वतःहून सांगितलं की मला मधुमेह आहे, यकृताचंही औषध चालू आहे, कच्ची कालवं खाल्ली तर चालतील का? वेटर म्हणाला, “बिनधास्त खा. लिंबू पिळा, वर हॉट सॉस घाला, जंतू मरून जातात.” मी आत आले तेव्हा बाबांनी एक खाल्लं होतं. मी ताटली बाजूला केली.

मी इथल्या एका हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे हे सांगणं माझं कामच आहे. मेक्सिकोच्या आखाताचं पाणी उन्हाळ्यात तापतं आणि त्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जीवाणू वाढतो. कालव पाणी गाळूनच जगतं, त्यामुळे तो त्याच्या मांसात साठतो. वास बदलत नाही, चव बदलत नाही. लिंबू, हॉट सॉस, दारू यांपैकी कशानेही तो मरत नाही. नीट शिजवलं तरच मरतो. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांच्या रक्तात तो शिरला तर हाल विचारू नका. संसर्ग झालेल्या साधारण पाचांपैकी एक माणूस दगावतो, कधी एक-दोन दिवसांतच. म्हणूनच कॅलिफोर्नियात २००३ पासून आखातातली एप्रिल ते ऑक्टोबरमधली कच्ची कालवं जंतू मारण्याची प्रक्रिया केल्याशिवाय विकता येत नाहीत. पुढचे काही दिवस बाबांचा ताप मोजत, पायांवर फोड उठतात का ते बघत आम्ही जीव मुठीत धरून काढले. ते ठीक आहेत. यात तुमच्या रेस्टॉरंटचं काहीही श्रेय नाही.

तुमच्या मेनूच्या मागच्या पानावर १७५५ मध्ये नोव्हा स्कोशियातून हाकलले गेलेले आणि पुढे लुईझियानात वसलेले अकेडियन लोक, म्हणजे केजन लोकांचे पूर्वज आहेत, न्यू ऑर्लिन्सच्या ‘अँट्वान्स’ रेस्टॉरंटमध्ये जन्मलेली ऑयस्टर्स रॉकफेलर ही भाजलेल्या कालवांची डिश आहे. सगळं आवडीने वाचलं. पण कच्च्या शिंपल्यातल्या मांसामुळे कोणाला धोका आहे, ही एक ओळ त्या मेनूत कुठेच नाही. कच्चे पदार्थ विकणाऱ्याने ती छापायची असते.

दुसरी गोष्ट आईच्या नजरेला आली. दोन-तीन शिंपल्यांत पाणीच नव्हतं, मांस सुकून तळाला चिकटलेलं, आणि खालचा बर्फ वितळून गेलेला. “हे कालव कधीचं मेलंय,” ती म्हणाली. मी मॅनेजरकडे पोत्याचा टॅग मागितला. कुठल्या खाडीतून, कोणत्या तारखेला काढली ते त्यावर लिहिलेलं असतं. पोतं उघडलं की टॅग कचऱ्यात टाकतो, असं ते सहज सांगून गेले. पोतं रिकामं झाल्यावर ९० दिवस तो टॅग जपून ठेवायचा असतो. कोणी आजारी पडलं तर माग काढायला तेवढाच धागा हाती असतो.

तुमचा गम्बो, म्हणजे तो दाट रस्सा, मात्र उत्तम होता. त्यातली रू, म्हणजे तेला-तुपात परतलेलं पीठ, गडद चॉकलेटी होईपर्यंत कोणीतरी जिवापाड परतलेली होती. असा स्वयंपाकी असताना दारातच निष्काळजीपणा चालतो याचं फार वाईट वाटतं. लसूण-लोण्यात भाजलेली, चीज घातलेली कालवंही तुम्ही करता. नीट शिजवलेली असली तर बाबांसारख्यांना तीच द्यायला हवी होती.

माझ्या मागण्या अशा. त्या दिवशीची कालवं कुठली आणि कधी काढलेली होती, हे पुरवठादाराकडून काढून मला लेखी कळवा. मेनूवर धोक्याची सूचना छापा. वेटरांना हॉट सॉसची थाप मारणं बंद करायला लावा, आणि कोणी आजार सांगितला तर कच्चं न देण्याचा नियम करा. उन्हाळ्यात कच्ची द्यायचीच असतील तर प्रक्रिया केलेलीच घ्या.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर हेच पत्र, बिल आणि ताटलीचे फोटो ह्यूस्टन हेल्थ डिपार्टमेंटकडे देईन. त्या मॅनेजरला कामावरून काढावं असं माझं म्हणणं नाही. त्याला टॅग ठेवायला शिकवा.

कळावे,
तुमच्या रेस्टॉरंटची एक ग्राहक