अँटिबॉडी न घातलेली एक स्लाइड

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातील संशोधक विद्यार्थ्यांच्या रखडलेल्या प्रबंधांविषयी आपल्या दैनिकात नुकताच मजकूर आला. त्यात मार्गदर्शकांची कमतरता आणि शिष्यवृत्तीचा विलंब ही कारणे होती. प्रयोगशाळेच्या टेबलावर वाया जाणाऱ्या महिन्यांचा उल्लेख मात्र नव्हता. छत्रपती संभाजीनगर येथे ऊतींचे काप घेण्याचे आणि रंगवण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे, म्हणून त्यातल्या एकाच, पण वारंवार दिसणाऱ्या अडचणीविषयी, म्हणजे कापावर नको तिथे चढणाऱ्या फसव्या रंगाविषयी लिहितो.

कर्करोगाच्या अभ्यासात माणसाच्या गाठीतील पेशी प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या उंदराच्या कातडीखाली वाढवतात, ती गाठ फॉर्मलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात ठेवून मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात, तिचे ४ मायक्रॉन जाडीचे काप काढतात आणि हवे ते प्रथिन कोणत्या पेशीत आहे हे अँटिबॉडीच्या, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाच्या, साहाय्याने शोधतात. पहिली अँटिबॉडी प्रथिनाला चिकटते, दुसरी त्या पहिलीला पकडते आणि दुसरीला जोडलेले पेरॉक्सिडेज हे विकर डॅब या रसायनापासून तपकिरी रंग तयार करते. जिथे रंग तिथे प्रथिन, असे आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो.

गेल्या उन्हाळ्यात परभणीकडील एक विद्यार्थिनी स्लाइडचा डबा घेऊन आली. पेशींची वाढ दाखवणारे केआय-६७ हे प्रथिन ती शोधत होती, जे पेशीच्या केंद्रकातच दिसायला हवे. तिच्या स्लाइडवर मात्र चहा गाळायच्या फडक्यासारखी सगळीकडे तपकिरी छटा होती. अँटिबॉडी शंभरपटीऐवजी पाचशेपट विरळ करून झाली होती, धुण्याचा वेळ वाढवून झाला होता आणि ‘हात बसलेला नाही’ हा शेराही पदरी पडला होता. पहिली अँटिबॉडी न घालता केलेली स्लाइड कुठे आहे, असे मी विचारले. ती कोणी करायलाच सांगितली नव्हती.

मग आम्ही त्याच ब्लॉकचे दोन काप शेजारी शेजारी केले. एकावर अँटिबॉडी, दुसऱ्यावर ती विरळ करायचे नुसते द्रावण, बाकी सारे सारखे. दुसऱ्या कापात गाठीच्या पेशींची केंद्रके, ती दाखवण्यासाठी दिलेल्या रंगाने, स्वच्छ निळी होती, पण पेशींच्या पुंजक्यांमधली आधार देणारी संयोजी ऊती, रक्तवाहिन्यांच्या कडा आणि गाठीच्या मध्यावरचा मृत भाग पहिल्याइतकाच तपकिरी झाला होता. तिची पहिली अँटिबॉडी उंदराची होती आणि दुसरी अँटिबॉडी उंदराची कोणतीही अँटिबॉडी दिसली की पकडणारी. गाठ माणसाची असली तरी तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आणि आधार देणारी ऊती उंदराची असते. अशा कामाला वापरतात त्या न्यूड जातीच्या उंदरात थायमस ही ग्रंथी नसल्याने प्रतिकारशक्तीच्या टी पेशी तयार होत नाहीत, पण अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी असतात. त्यामुळे त्याच्या स्वतःच्या अँटिबॉडी रक्तातून गाठीत झिरपलेल्या असतात. बाटलीतली अँटिबॉडी कितीही विरळ केली, तरी त्या कशा जाणार? १९७५ साली कोहलर आणि मिलस्टीन यांनी मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून येणाऱ्या एकसारख्या, अँटिबॉडीची जी पद्धत दिली ती उंदराच्या प्लीहेतील पेशींवर उभी आहे, म्हणून नावाजलेल्या कितीतरी अँटिबॉडी आजही उंदराच्याच असतात. माणसाच्या बायोप्सीवर, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या ऊतीच्या तुकड्यावर, त्या उत्तम चालतात, आणि रुग्णालयातली पद्धत जशीच्या तशी उचलणारा म्हणूनच इथे अडकतो.

यावर सोपा उपाय म्हणजे सशापासून तयार केलेली पहिली अँटिबॉडी घेणे आणि तिला पकडणारी दुसरी, उंदराच्या अँटिबॉडीला न चिकटणारी निवडणे. उंदराचीच वापरावी लागली, तर आधी फॅब तुकड्यांनी, म्हणजे अँटिबॉडीच्या चिकटणाऱ्या टोकाच्या तुकड्यांनी, ऊतीतल्या उंदराच्या अँटिबॉडी झाकून घ्याव्या लागतात.

सगळाच दोष उंदराचा नसतो. दोन्ही अँटिबॉडी वगळून नुसते डॅब घातले तरी लाल रक्तपेशी तपकिरी होत असतील, तर ऊतीतले पेरॉक्सिडेज शिल्लक आहे असे समजून ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ताजे करून १० मिनिटे द्यावे. दुसरी अँटिबॉडी आणि पेरॉक्सिडेज बायोटिन या जीवनसत्त्वामार्फत जोडणारी पद्धत असेल, तर यकृत आणि मूत्रपिंडाच्या कापांत त्यांचे स्वतःचे बायोटिन फसवते. आणि आमचा मे महिना! पारा चाळिशीपार असताना पंख्याखाली ठेवलेला काप कडेने सुकतो आणि सुकलेल्या कडेवर रंग गडद बसतो. झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ओला टिश्यू पेपर अंथरून त्यात स्लाइड आडव्या ठेवल्या की हे टळते. 

त्या विद्यार्थिनीची सशाची अँटिबॉडी मागवण्याची टिपणी ‘याच प्रथिनाची एक बाटली शिल्लक आहे’ असा शेरा होऊन परत आली होती. खरेदीच्या कागदावर प्रथिनाचे नाव असते, अँटिबॉडी कोणत्या प्राण्याची हा रकानाच नसतो. तो रकाना घालावा, आणि प्रबंधात रंगवलेल्या कापाचे प्रत्येक छायाचित्र अँटिबॉडी न घातलेल्या कापाच्या छायाचित्रासह मागावे, अशी मार्गदर्शकांना आणि छाननी समित्यांना विनंती आहे. त्यासाठी जास्तीचा एक काप लागतो, आणि तो ब्लॉकमध्ये असतोच.

आपला विश्वासू,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
छत्रपती संभाजीनगर