रूट्सचे अल्बम ऐकताना आधी स्नेअर ऐक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ड्रम, बेस, कीबोर्ड आणि दोन रॅपर असा तुमचा मेळ जमला हे वाचून फार बरं वाटलं. रेकॉर्डिंगला बसण्याआधी 'द रूट्स'चे अल्बम कुठल्या क्रमाने ऐकू, असं विचारलं आहेस. क्रम सांगतोच, पण आधी कान कुठे ठेवायचा ते सांगतो. स्नेअरवर, म्हणजे ड्रम-सेटमधल्या कडाड वाजणाऱ्या छोट्या ड्रमवर ठेव. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या या हिप-हॉप बँडने १९९३ ते २०१४ या काळात स्वतःच्या नावाने अकरा स्टुडिओ अल्बम केले. हाताने वाजवलेला ड्रम रॅपच्या खाली बसवायचा कसा, हा एकच प्रश्न ते पुन्हा पुन्हा सोडवत होते, आणि दर वेळी उत्तर थोडं बदलत होतं. तुमच्यापुढेही तोच प्रश्न येणार आहे.

प्रश्न अवघड का, ते आधी बघू. हिप-हॉपचा ठेका मुळात जुन्या रेकॉर्डवरून उचललेला असायचा. १९८७ च्या एसपी-१२०० या सँपलरमध्ये, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या मशीनमध्ये, सगळा मिळून दहा सेकंदांचा आवाज मावायचा, तोही १२ बिटचा. जागा वाचवायला लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने फिरवून आवाज आत घ्यायचे आणि मशीनमध्ये पुन्हा खाली उतरवायचे. या चढ-उतारात वरची चकाकी गळून जायची, थोडी खरखर यायची, ठोका आखूड आणि जाड व्हायचा. ऐकणाऱ्यांना तोच ड्रम खरा वाटू लागला. आता चांगल्या खोलीत सहा माइक लावून ड्रम घेतलास, तर झांजा उघड्या वाजतात, स्नेअरची घंटी मागे रेंगाळते आणि रॅपरचे 'स', 'त', 'च' नेमके त्याच पट्ट्यात बुडतात. त्यात ड्रम वाजवणाऱ्याला दर चौथ्या आवर्तनाच्या शेवटी उठाण घ्यायची, म्हणजे ठेका सोडून भरगच्च वाजवायची हौस असते, आणि रॅपरचं यमक बरोबर तिथेच पडतं. लाइव्ह वाद्यांवरचं रॅप कच्चं वाटतं ते बहुतेकदा या दोन कारणांनी. वादकांचा हात कमी पडतो म्हणून ते क्वचितच.

तारिक ट्रॉटर म्हणजे ब्लॅक थॉट आणि आमिर थॉम्पसन म्हणजे क्वेस्टलव्ह हे दोघे फिलाडेल्फियाच्या कलाशाळेत भेटले. साउथ स्ट्रीटच्या फुटपाथवर एक रॅप करायचा, दुसरा ड्रम वाजवायचा. पहिला अल्बम 'ऑर्गनिक्स' १९९३ चा, त्यांनी स्वतःच काढलेला. तो सगळ्यात शेवटी ऐक. त्यात सूर आहे, उत्साह आहे, पण रेकॉर्डिंग म्हणून शिकण्यासारखं फार नाही. एक मजेची गोष्ट मात्र तिथूनच सुरू होते. त्यातल्या गाण्यांना १ ते १७ क्रमांक आहेत आणि पुढचा अल्बम १८ पासून चालू होतो. पुढेही ही मोजदाद सलग चालत राहते, 'थिंग्ज फॉल अपार्ट' ५४ ला उघडतो. सगळं मिळून एकच लांब रेकॉर्ड आहे, असंच त्यांना म्हणायचं आहे असं मला वाटतं.

'डू यू वाँट मोअर' जानेवारी १९९५ चा. दुसऱ्या कुणाच्या रेकॉर्डवरचा तुकडा त्यात नाही. लेनर्ड 'हब' हबर्डचा बेस, स्कॉट स्टॉर्चचा ऱ्होड्स हा इलेक्ट्रिक पियानो, राझेलचं तोंडाने काढलेलं ड्रम, कसँड्रा विल्सनचा आवाज, स्टीव्ह कोलमनचा सॅक्सोफोन; आणि शीर्षकगीतात रूफस हार्ली या फिलाडेल्फियाच्याच जॅझ वादकाची बॅगपाइप. ती बॅगपाइप नीट ऐक. तिचा अखंड धरलेला सूर तानपुऱ्यासारखा मागे पसरतो आणि रॅप त्याच्यावर मोकळं चालतं. सूर बदलत नाही, म्हणून शब्दांना जागा मिळते. 'एसेवुमन' या तुकड्यात ब्लॅक थॉट तोंडाने वाद्याची फ्रेज म्हणतो आणि वादक ती उचलतात. आपल्याकडच्या सवाल-जवाबाची ओळख असलेल्याला ते समजावून सांगावं लागत नाही.

या अल्बममधून बेस शिक. हब स्वर लांबवत नाही, किकच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) पायाला पाय लावून उभा राहतो आणि पुढच्या किकपर्यंत थांबतो. ड्रम मात्र इथून उचलू नका. स्नेअर बारीक आणि कोरडा आहे, त्याखाली ऱ्होड्स सतत मधल्या पट्ट्यात तरंगतोय. अर्ध्या तासाने कान थकतो. तो मंचावर सुंदर वाटणारा आवाज आहे, आणि त्या काळी क्लबमध्ये डीजे एका गाण्याला दुसरं जोडताना तो शेजारच्या रेकॉर्डपुढे हलका पडायचा.

याचं उत्तर 'इलाडेल्फ हाफलाइफ'मध्ये आहे, सप्टेंबर १९९६. वाजवायचं आपणच, पण ऐकणाऱ्याला ते रेकॉर्डवरून उचलल्यासारखं वाटलं पाहिजे. ठोका आखूड झाला, झांजा मागे गेल्या, ड्रम जवळजवळ न बदलता फिरत राहिला. त्यातलं 'व्हॉट दे डू' हे गाणं घे. ते आठ-दहा वेळा नुसतं बेससाठी ऐक, किती कमी वाजवलंय ते मोज.

हा आवाज तुम्हाला घरच्या खोलीतही काढता येईल. रीत अशी. १४ इंची स्नेअरचं वरचं कातडं नेहमीपेक्षा थोडं जास्त ताण. काठापासून दोन बोटं आत कापडी टेपची दुमडलेली पट्टी लाव. घंटी तरीही उरली तर जुनं पाकीट किंवा रुमालाची घडी ठेव. किकच्या पोटात चादर घाल, ती पुढच्या कातड्याला जेमतेम टेकली पाहिजे. माइक दोनच: एक किकसमोर, एक ड्रमरच्या उजव्या खांद्याच्या मागून स्नेअरकडे रोखलेला. क्रॅश झांज काढूनच ठेव, म्हणजे हात तिकडे जाणार नाही. मिनिटाला ९० ठोक्यांच्या लयीत क्लिकवर (मेट्रोनोमवर) दहा मिनिटं एकच ठेका वाजवा, उठाण न घेता. मग त्यातली सगळ्यात बरी चार आवर्तनं निवडा. ९० ला चार आवर्तनं म्हणजे १६ ठोके, १०.६७ सेकंद. १० किलोहर्ट्झच्या वरचं कापा, दाबून कॉम्प्रेस करा आणि तो तुकडा फिरवा. त्यावर बेस आणि कीबोर्ड पूर्ण गाणंभर हातानेच वाजवा. ड्रम स्थिर आणि बाकीचं जिवंत, या वाटणीत रॅपरला भिंतही मिळते आणि हवाही.

चुकतं कुठे? तुकडा कापताना लोक किकच्या ऐन सुरुवातीवर चाकू ठेवतात आणि ठोक्याचा चावा जातो. पाच मिलिसेकंद आधी काप. दुसरं, पहिल्या दोन मिनिटांतला तुकडा घेऊ नकोस. हात सैल व्हायला वेळ लागतो, बरी आवर्तनं बहुधा सहाव्या-सातव्या मिनिटाला सापडतात.

आता 'थिंग्ज फॉल अपार्ट'. २३ फेब्रुवारी १९९९. सुरुवात यानेच कर, आणि इथे सगळ्यात जास्त दिवस राहा. नाव चिनुआ अचेबेंच्या कादंबरीवरून घेतलेलं, मुखपृष्ठं पाच वेगवेगळी. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत त्या काळात क्वेस्टलव्ह, बीट बनवणारा जे डिला, कीबोर्डवादक जेम्स पॉयझर आणि गायक डी'अँजेलो एकमेकांच्या कामात येत-जात होते, आणि त्या सहवासाने क्वेस्टलव्हचा हात बदलला. डिला एमपीसी या सँपलरवर बोटांनी ठोके टाकायचा आणि ठोके आपोआप जागेवर बसवणारी मशीनची सोय हवी तिथे बंद ठेवायचा. ठोके जागेवरून हललेले असायचे, पण कुठे हलवायचे हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तू तबला शिकलेला आहेस, म्हणून तुझ्या भाषेत सांगतो. एक हात चतुस्रात (ठोक्याचे चार भाग) आणि दुसरा तिस्राकडे (तीन भाग) झुकलेला, दोन्ही एकाच वेळी. ९० च्या लयीत अर्धा ठोका ३३३ मिलिसेकंदांचा. त्याचे सरळ दोन भाग केले तर दुसरा १६७ वर पडतो. तिस्राच्या झोलात तो २२२ वर जातो. मधले ५५ मिलिसेकंद ही सगळी खेळायची जागा. हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) १६७ च्या जवळ आणि किक १९०-२०० च्या आसपास पडली, की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलते आणि कारण सापडत नाही. नवख्या बँडची इथे हमखास चूक होते: सगळेच मागे रेलतात. मग झोल उरत नाही, नुसती लय पडते. एकाने रूळ धरला तरच दुसऱ्याला त्यावरून घसरता येतं. आधी ठरवा, रूळ कोण धरणार. माझं मत विचारशील तर हाय-हॅट.

'द नेक्स्ट मूव्हमेंट' मध्ये स्क्रॅचिंग डीजे जॅझी जेफचं आहे. क्वेस्टलव्ह स्क्रॅच आलं की काहीही वाढवत नाही, हे बघ. 'डबल ट्रबल' मध्ये ब्लॅक थॉट आणि रॅपर मॉस डेफ एकमेकांच्या ओळी पुऱ्या करतात. तुमच्याकडे दोन रॅपर आहेत, तर हे पाठ करा. दोघांनी एकाच माइकवर समोरासमोर उभं राहून म्हणायचं. वेगवेगळं रेकॉर्ड करून जोडलं तर श्वास जुळत नाहीत आणि तो सांधा ऐकू येतो.

'यू गॉट मी' वर थोडं जास्त. धृपद जिल स्कॉटने लिहिलेलं, अल्बमवर गायलं एरिका बडूने, कारण कंपनीला नावाजलेला आवाज हवा होता. या गाण्याला ग्रॅमी मिळालं. ते सगळं गाणंभर संयमाने चालतं आणि अगदी शेवटी क्वेस्टलव्ह दुपटीत जातो, ड्रम-अँड-बेस या वेगवान मशीनी नृत्यसंगीताच्या चालीत, पण हाताने. आधीची काही मिनिटं त्याने हात आवरला म्हणून ते शेवटचे क्षण अंगावर येतात. पहिल्या अंतऱ्यातच दुगुन दाखवली असती तर शेवटी काय उरलं असतं? याच्या लगेच नंतर त्याच वर्षीचा 'द रूट्स कम अलाइव्ह' लाव. तिथे हेच गाणं मंचावर आहे आणि गाते स्वतः जिल स्कॉट. दोन्ही पाठोपाठ ऐकलंस की मंच आणि रेकॉर्ड या दोन कला किती वेगळ्या आहेत ते कळेल. मंचावर ते गाणं लांबतं, आळवलं जातं आणि तिथे तेच शोभतं.

'फ्रेनॉलॉजी' २००२ चा. हा अल्बम मला फार प्रिय आहे, कारण यशाचा साचा हाती असून त्यांनी तो मोडला. चोवीस सेकंदांचं हार्डकोर पंक आहे, कोडी चेसनटसोबतचं गिटारवरचं 'द सीड' आहे आणि दहा मिनिटांहून लांब 'वॉटर' आहे. 'वॉटर' बँडमधल्या मलिक बी या जुन्या साथीदाराला उद्देशून आहे, व्यसनापायी हातातून निसटत गेलेल्या मित्राला. रॅप संपतं आणि मग मिनिटामागून मिनिटं नुसते आवाज राहतात. ते कंटाळवाणं म्हणून पुढे ढकलू नकोस, एकदा दिवा मालवून पूर्ण ऐक. मलिक २०२० मध्ये गेला, हब २०२१ मध्ये. आता ते ऐकताना फार जड जातं.

'द टिपिंग पॉइंट' एकदा ऐकून सोडलास तरी चालेल. 'गेम थिअरी' (२००६) मात्र सोडू नकोस. डिला त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला, आणि अल्बम त्याच्या स्मरणाने उघडतो आणि त्याच्याच बीटवर मिटतो. स्नेअर इथे जड आणि काळा झाला आहे. 'रायझिंग डाउन' (२००८) मध्ये सिंथेसायझर पुढे येतात. तुमच्या कीबोर्डवाल्याला तो दे. बेसच्या पट्ट्यात सिंथ शिरला की बेस गिटारने कुठे सरकायचं, हे त्यात कळतं.

मार्च २००९ पासून ते न्यूयॉर्कमध्ये जिमी फॅलनच्या रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमाचे बँड झाले. दर संध्याकाळी नवं काही बसवायचं, पाहुण्यासाठी काही सेकंदांची धून करायची. याने बँड सैल पडेल असं वाटलं असतं, पण 'हाऊ आय गॉट ओव्हर' (२०१०) मध्ये त्यांचं वाजवणं आणखी आटोपशीर झालेलं ऐकू येतं. 'अनडन' (२०११) तर चाळीस मिनिटांच्या आत संपतो. रेडफर्ड स्टीव्हन्स या काल्पनिक तरुणाची गोष्ट मरणापासून उलटी मागे जाते. शेवटी चार छोट्या भागांची वाद्यरचना आहे, सुफ्यान स्टीव्हन्सच्या पियानोच्या धुनेवरून वाढवलेली. तिसऱ्या भागात डी. डी. जॅक्सनचा पियानो आणि क्वेस्टलव्हचा ड्रम मोकाट सुटतात. इतकी वर्षं आवरलेला हात तिथे सुटतो, आणि मला तर दर वेळी छातीत धडधडतं. त्यानंतरचा २०१४ चा अल्बम जेमतेम अर्ध्या तासाचा, तुकड्या-तुकड्यांचा आणि अवघड आहे. तो घाईने ऐकू नकोस.

म्हणजे क्रम असा धर: 'थिंग्ज फॉल अपार्ट', मग 'कम अलाइव्ह', मग मागे जाऊन 'इलाडेल्फ' आणि 'डू यू वाँट मोअर', नंतर 'फ्रेनॉलॉजी', 'गेम थिअरी', 'अनडन', आणि उरलेले सवडीने. पहिला फेरा हेडफोनवर, दुसरा साध्या छोट्या स्पीकरवर. किक छोट्या स्पीकरवर नाहीशी होते, तेव्हा ठेका कोण धरून ठेवतं ते लक्ष देऊन ऐक.

तुमचा दहा मिनिटांचा टेक झाला की न कापता तसाच पाठव. चार आवर्तनं तू निवड, चार मी निवडतो, आणि दोघांची एकच निघतात का बघू. टेपची पट्टी कुठे लावलीस त्याचा फोटोही पाठव.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझाच,
जुना मित्र