मानसशास्त्राच्या पदवी प्रकल्पाला एक सत्र पुरत नाही

मा. उच्च शिक्षणमंत्री यांस,
स. न. वि. वि.

मानसशास्त्राच्या पदवी विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांसोबत संशोधन करावं, हे आम्हा शिकवणाऱ्यांना मनापासून हवं आहे. मात्र त्यासाठी मिळतं एकच सत्र, म्हणजे साधारण १५ आठवडे.

हिशेब असा. वाचन आणि विषयनिश्चितीला चार आठवडे. एथिक्स कमिटीच्या (संशोधनात भाग घेणाऱ्यांना इजा होणार नाही ना, हे तपासणाऱ्या समितीच्या) मंजुरीत महिना-दीड महिना सहज जातो. प्रश्नावली दहा-पंधरा जणांवर चाचपून बघायला दोन आठवडे, माहिती गोळा करायला सहा, विश्लेषण आणि अहवालाला आणखी सहा. बेरीज २२च्या पुढे जाते.

मग कात्री लागते ती मंजुरीला: माहिती आधी गोळा होते, अर्ज मागून जातो. हे फार धोक्याचं आहे. नैराश्यासाठीच्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीत नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. कुणी त्यावर 'जवळजवळ रोज' अशी खूण केली, तर ती कोण पाहणार, किती वेळात, आणि त्या व्यक्तीला कुणाकडे पाठवणार, हे पहिला फॉर्म भरला जाण्याआधी ठरलेलं हवं. फॉर्म निनावी असेल तर त्या माणसापर्यंत पोचताच येत नाही. मग मदतीचे क्रमांक फॉर्मवरच छापावे लागतात, किंवा तो प्रश्न नसलेली पीएचक्यू-८ घ्यावी लागते. हा निर्णय विशीतल्या विद्यार्थ्यावर एकट्यावर सोडू नये.

दुसरी कात्री नमुन्याला. दोन गटांतला मध्यम फरक (अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा; प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ५ टक्के सार्थकता पातळीवर, म्हणजे नसलेला फरक दिसण्याचा धोका ५ टक्के ठेवून, ८० टक्के खात्रीने पकडायचा, तर दर गटात ६४, एकूण १२८ जण लागतात. तीस-तीस जणांत तो सापडण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयत्नात मानसशास्त्राचे १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा सुमारे ३६ टक्क्यांतच निष्कर्ष पुन्हा सार्थक निघाला. लहान नमुने हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. चार महाविद्यालयांनी एकच आराखडा वापरून प्रत्येकी ३२ जण घेतले, तर १२८ जमतात. याला फक्त परवानगी आणि एक सामाईक एथिक्स कमिटी लागते.

मार्गदर्शन म्हणजे नेमकं काय, तेही सांगतो. पाच बिंदूंच्या (१ ते ५ गुणांच्या) मापनश्रेणीत उलट अर्थाच्या विधानाचे गुण सहातून वजा करायचे असतात. विद्यार्थी ते विसरतो, क्रॉनबाख अल्फा (चाचणीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) घसरतो, आणि चाचणीच खराब आहे असं त्याला वाटतं. शेजारी बसून एकेका विधानाचा बाकीच्या बेरजेशी असलेला सहसंबंध पाहिला की ऋण आकडा लगेच सापडतो. अर्ध्या तासाचं काम, पण ते कुणाच्याही कार्यभारात मोजलं जात नाही. एका प्राध्यापकाकडे तीस विद्यार्थी असतील तर होतही नाही.

म्हणून मागणी: प्रकल्प सलग दोन सत्रांचा करा. एका मार्गदर्शकाकडे आठपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत आणि त्याचे आठवड्याचे चार तास कार्यभारात धरा. शोधनिबंध छापून आणण्याची अट काढा. गृहीतक, नमुना आणि विश्लेषणाची पद्धत आधी नोंदवली होती का, यावर गुण द्या. फरक सापडला नाही म्हणून एकही गुण कापला जाऊ नये, हे परीक्षकांच्या सूचनांत स्पष्ट लिहा.

आपले,
पदवी वर्गांना संशोधनपद्धती शिकवणारे प्राध्यापक