सातवीची सहल : डॉ. कोटणीस स्मारक, शनिवार

पालकहो, नमस्कार.

येत्या शनिवारी सातवीची मुलं डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक बघायला जाणार आहेत. संमतीपत्र गुरुवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्या. अजून निम्मेही आलेले नाहीत, आणि रिक्षावाल्या काकांना आकडा सांगायचाय.

सकाळी साडेआठला शाळेच्या फाटकाशी जमायचं. गणवेश, पाण्याची बाटली, वही-पेन्सिल. डब्यात भाकरी-शेंगाचटणी चालेल, पण तेल गळणार नाही असं बघा. मागच्या सहलीला तीन दप्तरं लाल झाली होती. मोबाइल नको.

जाण्याआधी घरी एवढं जरूर बोला : डॉक्टर 1910 साली इथेच सोलापुरात जन्मले. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनमध्ये गेले, तिथेच राहिले, आणि 1942 मध्ये अवघ्या 32 व्या वर्षी वारले. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाच विचारायला लावा, मुलं जास्त ऐकतात. प्रत्येकाने एक प्रश्न लिहून आणायचा, ‘जन्म कधी झाला’ सोडून.

परतताना चार हुतात्मा पुतळ्यांपाशी थांबू. 1930 मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉची (लष्करी कायद्याची) गोष्ट तिथेच सांगायची आहे. दीडपर्यंत शाळेत परत.

सोबत यायला दोन पालक हवेत. जमेल त्यांनी इथेच कळवा.